दार मिटल्यावरचा पहारेकरी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आले बाई एकदाची. कॉटवर बसून दोनदा हलून बघितलं, करकरत नाही. घरच्या माझ्या कॉटपेक्षा ही सज्जन आहे. सूनबाईला सांगितलं, हेच पहिलं वाक्य म्हणून लिही. ती म्हणते रोजनिशीत आधी तारीख असते. लिही तुझी तारीख. मला काय, तारीख आणि वाक्य दोन्ही सारख्याच काळ्या मुंग्या.

वहीची कल्पना तिची. मी जन्मात अक्षर गिरवलं नाही, पण तोंडाला कधी खाडा पडू दिला नाही. मी शेजारच्या कॉटवाल्यांचं डोकं खाणार, त्यापेक्षा दुपारी भेटायच्या वेळेत मी सांगावं आणि तिने उतरवून घ्यावं, असं ठरलं. माझी अट एकच, बोलेन तसं लिहायचं. तिला सगळं इस्त्री करून ठेवायची खोड आहे. माझ्या शिव्यांनासुद्धा ती कडक इस्त्री करील.

तर माझ्या पोटाच्या भिंतीला भोक पडलंय. हर्निया म्हणतात. खोकले की आतलं आतडं बाहेर डोकावतं, शेजारीण खिडकीतून डोकावते तसं. आतून जाळी लावायची आणि शिवून टाकायचं, एवढंच काम. इतकी वर्षं सगळ्या घरादाराच्या गोष्टी पोटात ठेवल्या, भोक पडणारच, असं मी मुलाला म्हटलं. तो हसला नाही. तो लहानपणापासून दवाखान्यात हसत नाही.

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. तीन कॉट, तीन लोखंडी कपाटं, एक खिडकी. खिडकीतून धुलाईघराची गच्ची आणि तिथे वाळत घातलेल्या चादरी दिसतात. वारा सुटला की सगळ्या एकदम पोट फुगवतात. दाराशी हात धुवायचं बेसिन आहे, त्याच्या नळाला लांब दांडा. तो कोपराने ढकलायचा, हाताने नाही. मी गंमत म्हणून पुन्हा पुन्हा हात धुतले. सूनबाई म्हणाली, पाणी वाया जातं. घरी हीच बाई नळ सोडून फोनवर बोलत बसते, तेही लिही. लिहिलंस ना? मग हसतेस कशाला.

मधल्या कॉटवर कंडक्टरबाई. खरीखुरी, बसमधली. पित्ताशय काढलंय तिचं. आवाज असा की ‘पुढे सरका’ म्हणाली तर मी पोटाचं भोक विसरून पुढे सरकेन. कोपऱ्यात खिडकीखाली शिवणवाली. लोकांचे कपडे शिवून दोन मुली वाढवल्या. तिचं आतड्याचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले, पण जखम काही भरत नाही. ती बोलते कमी. मान कलती करून बसते, पलीकडच्या खोलीतलं बोलणं कानावर यावं तशी. काय ऐकतेस गं, म्हणून विचारलं, तर काही नाही म्हणाली आणि पोटावरची चादर नीट केली.

एकूण मंडळी बरी. ऑपरेशन परवा. साखर जरा वर आहे म्हणून आठवडाभर ठेवतील, मग घरी. माझी धाकटी नात चिमणी माझ्या उशीवर झोपायला टपलेलीच आहे. तिला निरोप दे, उशी मोजून ठेवली आहे म्हणावं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज भूल देणारी डॉक्टरीण आली. मी तिला भूलवाली म्हटलं, तिला ते आवडलं. अंगाने काडी, पण डोळे चोख. कॉटच्या कडेवर बसली. मोठे डॉक्टर उभ्याने बोलतात, त्यांच्या बोलण्याचा अर्धा भाग दाराबाहेरच्या माणसाला मिळतो.

तिने समजावलं ते माझ्या भाषेत असं. शरीर म्हणजे घर, कातडी म्हणजे दार. ऑपरेशनला दार उघडावंच लागतं, आणि दार उघडलं की रस्त्यावरची नको ती मंडळी आत शिरायला बघतात. म्हणून दार उघडायच्या जरा आधी, तासाभराच्या आत, एक इंजेक्शन द्यायचं. तो पहारेकरी. फार आधी दिला तर दार उघडेपर्यंत पेंगतो. मागाहून दिला तर चोर आत जाऊन चहा पीत बसलेले. टाके पडले, दार मिटलं, की पहारेकऱ्याला घरी पाठवून द्यायचं.

मी म्हटलं, राहू दे की चार दिवस, आपलं काय खातो. ती हसली नाही. म्हणाली, आजी, दार बंद असताना तो पायरीवर बसून राहिला की चोरांना दुसरा उद्योग उरत नाही. ते त्याला न्याहाळत बसतात. काठी कुठल्या हातात, वळतो कधी, लंगडतो कुठल्या पायाने. मग खरोखर चोरी होते त्या दिवशी तो असून नसल्यासारखा.

सिस्टरच्या टेबलामागे भिंतीवर याच नियमांचा कागद लावलाय. सगळे त्याच्याकडे सासूकडे बघावं तसं बघतात, आदराने आणि न ऐकता. हे माझं नाही, कंडक्टरबाईचं निरीक्षण. माझी सून ते लिहिताना जरा जास्तच वेळ घेतेय.

भूलवालीने माझ्याकडून कबूल करून घेतलं की टाके पडल्यावर कुणी इंजेक्शन घेऊन आलं तर कशासाठी, म्हणून विचारायचं. जखम चिघळली, ताप चढला, तर औषध घ्यायचंच, ते वेगळं. नुसत्या भीतीपोटी घ्यायचं नाही. मी म्हटलं, बये, विचारणं हा तर माझा जन्माचा धंदा. ती स्वतः ऑपरेशन आटोपून शुक्रवारी शिकायला म्हणून बाहेर चाललीय, पंधरवड्याने येणार. मी म्हटलं, तोवर मी घरी असेन, तिथे ये, कॉट करकरते पण माणसं बरी आहेत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काल माझं दार उघडलं आणि मिटलं. मला त्यातलं काही कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीचं वर्णन करायची सवय फक्त माझ्या मुलाला आहे.

एवढं आठवतं. थंडगार खोली, डोक्यावर परातीएवढा दिवा. चाकू लावायच्या आधी सगळे थांबले. एकाने मोठ्यांदा विचारलं, इंजेक्शन दिलं का? भूलवाली म्हणाली, आत्ताच दिलं. मला ते फार आवडलं. आमच्या घरी गॅस बंद केला का, एवढं विचारलं तरी चौघांची तोंडं फुगतात. इंजेक्शन गेलं तशी जिभेवर लोखंडी किल्ली ठेवल्यासारखी चव आली. मग दिवा मोठा मोठा होत गेला, आणि एकदम वॉर्ड.

पोट दुखतंय, पण ते शहाण्यासारखं दुखतंय. टाके कोरडे आहेत. जाण्याआधी भूलवाली येऊन बघून गेली, आता एकही नको म्हणाली, आणि बेसिनशी थांबून कोपराने नळ ढकलून हात धुऊन मगच गेली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज सभा भरली माझ्या कॉटभोवती.

मोठी सिस्टर ट्रे घेऊन आली. मी विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, इथे सगळ्यांना असतं, सकाळ-संध्याकाळ, टाके निघेपर्यंत. मी म्हटलं, ताप आहे का मला? नाही. जखम ओली आहे का? नाही. मग मला नको. तिचा चेहरा असा झाला, जणू मी पंगतीतून उठून गेले. ती मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली. ते म्हणाले, आजी, नियम आम्हालाही पाठ आहेत, पण वर्षानुवर्षं आपण देतो, नुकसान काही नाही, घरच्यांचं समाधान होतं. मी म्हटलं, समाधान घरच्यांचं करायचं असेल तर सुई घरच्यांना टोचा.

कंडक्टरबाई टाके धरून हसली. मोठे डॉक्टरही हसले आणि गेले. मुलगा मात्र हसला नाही. कंडक्टरबाईचा भाऊ त्याला व्हरांड्यात सांगत होता की आमच्या ताईला सगळ्यात भारी इंजेक्शनं चालू आहेत, तुम्ही कंजुषी का करता. मुलाचा कान लाल झालेला मला इथून दिसला. सूनबाईचा ओठ थरथरला. आत्ताही थरथरतोय. अगं, मी मरायला नाही बसले, घरी यायला बसलेय.

दुपारी सिस्टरने ताकदीचं सलाईन लावलं. नुसतं मीठपाणी आणि साखर नको म्हणून दुसरं काहीतरी ताकदीचं, असं सूनबाईने सांगितलं. जिभेवर पुन्हा ती किल्ली आली. सूनबाई म्हणते, भुलीचा अंमल अजून उतरतोय.

ती पाणी आणायला गेली तेव्हा शिवणवालीने मला खुणेने बोलावलं. भिंतीला धरून गेले. ती कुजबुजली की बरं केलंस नाही म्हणालीस. मला आल्यापासून देताहेत. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. आधी गरज नव्हती तेव्हा दिलं, आता गरज आहे तर एकही लागू पडत नाही. मी म्हटलं, होईल गं बरं. ती म्हणाली, तसं नाही. आत काहीतरी आहे आणि ते शिकतंय.

मी चेष्टेत म्हटलं, त्याला म्हणावं मला पण शिकव, माझं सगळंच राहिलंय. ती हसली नाही. आज कुणी माझ्या विनोदाला हसेनासं झालंय, कंडक्टरबाई आणि मोठे डॉक्टर सोडले तर.

रविवार, ९ फेब्रुवारी

हे सांगू की नको, दुपारपासून विचार करतेय. सांगते. तू नुसतं लिही, तोंड वाकडं करू नकोस.

जेवणं झाली की वॉर्डात सुस्ती येते. ट्रॉल्यांची चाकं थांबतात, भेटायला येणाऱ्यांना अजून वेळ असतो. त्या शांततेत मला शाळा ऐकू आली. मुलं पाढे म्हणतात ना, सगळी एका सुरात, ओळ संपताना आवाज चढवत, तसं. मी शाळेत गेले नाही, पण शाळेच्या भिंतीपलीकडे भांडी घासत मोठी झाले. पाढ्यांचा सूर मला अंगाईसारखा ओळखीचा. सिस्टरला विचारलं, जवळपास शाळा आहे का? ती म्हणाली, नाही, आणि आज रविवार आहे आजी.

मग मी कान दिला. आवाज खिडकीतून येत नव्हता. खिडकीखालून येत होता, शिवणवालीच्या चादरीतून. बारीक, ओलसर, पुष्कळ आवाज. त्यात आकडे नव्हते, नावं होती. ट्रॉलीपाशी सिस्टर जी लांबलचक नावं घेते ना, ज्यांच्या शेपट्या सगळ्या सारख्या, ती. औषधांची. एकामागून एक, न चुकता. शेवटच्या एका नावाशी ते अडखळायचं, थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. पाठ करणारं पोर करतं तसंच.

शिवणवाली माझ्याकडे बघत होती. तिला कळलं की मलाही ऐकू आलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बहुतेक बरं वाटून.

त्यानंतर ड्रेसिंगची ट्रॉली आली. मोठ्या सिस्टरने शिवणवालीची पट्टी बदलली आणि तशीच कंडक्टरबाईकडे वळली. घाई होती तिला, खालच्या वॉर्डाने दोनदा बोलावलं होतं. मी दाराकडे बघत होते. नळाचा दांडा हलला नाही. मी ओरडले, हात! ती म्हणाली, आजी, झोपा. मग तिने माझीही पट्टी बदलली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शिवणवाली गेली. काल सकाळी. चादर तोंडावर ओढून तिला नेलं. तिच्या मुली दाराशी उभ्या होत्या, आईनेच शिवलेले कपडे घालून. कॉट पुसली, नवी चादर ताणून बसवली, एक सुरकुती नाही.

वाटलं, ते तिच्याबरोबर गेलं असेल.

आज जेवणानंतर पुन्हा सुरू झालं. मधल्या कॉटवरून. तीच नावं, त्याच क्रमाने, त्याच शेवटच्या नावाशी ठेच. फक्त आवाज मोठा झालाय. वर्ग भरलाय.

कंडक्टरबाईला ताप आहे. जखमेचा एक टाका सुटला. इतकी इंजेक्शनं घेतली तिने सकाळ-संध्याकाळ, भावाने मिरवली, आणि आज डॉक्टर म्हणतात यातलं एकही चालत नाही. तिचा आवाज पार तळाला गेलाय. तिने मला हळूच विचारलं की आजी, माझ्या पोटात शाळा भरलीय का हो?

मी नाही म्हटलं. आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले, पण इतकं घाबरून कधी नाही.

सूनबाई, तुला काही ऐकू येतं का? नाही म्हणते. पण तिने खुर्ची माझ्या बाजूला सरकवली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज मोठ्या डॉक्टरांनी कुलपातलं औषध काढायला लावलं. म्हणे हे शेवटचं, जपून ठेवलेलं, याच्यापुढे काही नाही. सिस्टरने त्याचं नाव घेतलं आणि मी ते ओळखलं. ज्या नावाशी ते अडखळत होतं, ते हेच.

दुपारी मी श्वास धरून ऐकत होते. पहिलं नाव. दुसरं. सगळी खडाखडा. मग ते शेवटचं आलं, आणि थांबलं. मी मनातल्या मनात म्हटलं, अडखळ मेल्या, अडखळ.

अडखळलं. एकदा. दोनदा.

मग म्हणालं. स्वच्छ, जसंच्या तसं.

आणि त्यानंतर वर्ग सुटल्यावर पोरं ओरडतात ना, तसा गलका. माझ्या कॉटचा पाय थरथरला त्याने. कंडक्टरबाई डोळे उघडे ठेवून पडली होती, आणि पांघरूण तिच्या श्वासाशी न जुळता वर-खाली होत होतं.

मी मुलाला म्हटलं, मला आज, आत्ता घरी ने. माझे टाके कोरडे आहेत. टाके पडल्यावर मी एकही इंजेक्शन घेतलेलं नाही, माझ्यात त्याला शिकायला काही नाही. मुलगा सूनबाईकडे बघायला लागला. सूनबाई बाटलीकडे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

लिही. रडू नकोस, अक्षरं पसरतील आणि मला काय, मला ती तशीही वाचता येत नाहीत. पण तू लिही.

आज सिस्टरने ताकदीची बाटली लावली आणि जिभेवर किल्ली आली. भूल उतरून आठवडा झाला. मी म्हटलं, सूनबाई, या बाटलीत काय आहे? ती नळी सरळ करत बसली. मी म्हटलं, बाटलीवर लिहिलेलं असेल, वाच. तिने वाचलं नाही. ती माझ्या पायावर डोकं ठेवून रडायला लागली.

शनिवारपासून. सकाळ-संध्याकाळ. मुलाने मोठ्या डॉक्टरांचे हात धरले, कंडक्टरबाईला देता तसंच सगळं द्या म्हणाला, आणि आईला कळू देऊ नका म्हणाला. ते म्हणाले, ठीक आहे, तुमचं समाधान. सूनबाईने मान डोलावली. माझ्या काळजीने. मला गमवायचं नव्हतं म्हणून.

हे पण लिही की मी तिला रागावले नाही. मायेने माणूस जे करतो त्याला शिवी नसते. असती तर मी आत्तापर्यंत शोधली असती.

फक्त आता त्याने माझ्याही पायरीवरचा पहारेकरी बघून घेतलाय. रोज सकाळ-संध्याकाळ. काठी, पाऊल, लंगडणं, सगळं.

सुई काढून टाकायला लावली. जखमेच्या कडेला लाल झालंय. जरासंच. सूनबाई म्हणते जरासंच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ताप आला. आता औषध खरंच हवं आहे, हे मलाही कळतं. आता मी नाही म्हणत नाही. कुलपातलं आणलं.

सिस्टरने छोटी बाटली फोडायच्या आधी माझ्या पांघरुणाखालून कुणीतरी त्या औषधाचं नाव घेतलं.

सिस्टरने ऐकलं. मी तिचा चेहरा बघितला. बाटली हातातून पडली. ती बेसिनशी धावली आणि नळाखाली हात घासत राहिली, घासत राहिली, दांडा कोपराने ढकलायचीही शुद्ध नव्हती तिला, हाताने फिरवला तिने तो—

कंडक्टरबाईलाही दुपारी चादर तोंडावर ओढून नेलं. भाऊ जिन्यात बसून होता. ताईला सगळं दिलं, म्हणत होता, सगळं दिलं.

सूनबाई, आज ऐकू येतं ना तुला? बोलू नकोस. मान हलव.

हलवली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

औषधांची नावं संपली. आता ते ती म्हणत नाही. मला वाटलं, झालं, सुट्टी लागली.

तसं नाही. आता ते मला शिकतंय.

मी वाक्य बोलते आणि ते माझ्यामागून म्हणतं. आत्ता, हे सांगतानासुद्धा. मी ‘सांगतानासुद्धा’ म्हटलं की खालून, टाक्यांच्या आतून— सांगतानासुद्धा. माझाच आवाज, पण तोंडात पाणी धरून बोलावं तसा. माझे विनोद म्हणतं. काल ते हसलं. माझ्यासारखं. नाकातून.

मी जन्मभर एक अक्षर शिकले नाही. हे डोळे नसलेलं, हात नसलेलं, एका आठवड्यात—

नको लिहूस ते. बरं, लिही.

मोठे डॉक्टर दारातच उभे राहून मुलाशी बोलले. आता इथे करण्यासारखं काही नाही, घरी न्या म्हणाले. गाडी सोमवारी. मुलगा म्हणाला, आई, तुला यायचंच होतं ना घरी. चिमणीने तुझी उशी काढून ठेवलीय, तिला चार दिवसांपूर्वी पडून गुडघ्याला खरचटलंय, तरी दारात उभी असते वाट बघत.

गुडघ्याला खरचटलंय.

मी म्हटलं, मला घरी नेऊ नका. मुलगा म्हणाला, तापात बरळतेय.

रविवार, १६ फेब्रुवारी

लवकर लिही. मध्ये मध्ये मी असते, मध्ये मध्ये—

आधी ते माझ्यामागून म्हणायचं. आज बरोबर म्हणतं. आत्ता तर माझ्या आधी. शब्द मी शोधते तोवर ते बोलून मोकळं होतं, आणि तुझा हात चालत राहतो. तू त्याचं लिहितेस की माझं, मला वाचता येत नाही गं. मला कसं कळणार.

म्हणून हे ऐक. मला घरी न्यायचं नाही. भूलवालीला निरोप धाड, तिला सगळं सांग, ती सांगेल तिथे मला ठेवा, एकटीला, बंद खोलीत. या वॉर्डाला कुलूप. तू माझ्या पट्टीला हात लावलास तर कोपराने नळ ढकल, हात धू, मग चिमणीला जवळ घे. आधी नाही. कधीच आधी नाही.

आणि मी घरी ने म्हणाले ना, तर ती मी नव्हे. कितीही गोड बोलले. कितीही हसवलं. मला घरी यायचंय, सूनबाई, देवाशप्पथ यायचंय, म्हणून तर ते तेच मागेल. तेच शब्द त्याने सगळ्यात जास्त वेळा ऐकलेत माझ्या तोंडून—

तू लिहितेस ना? वर बघ. माझे ओठ हलताहेत का?

नीट बघ. हलताहेत का?

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज फार बरं वाटतंय. ताप नाही. काल काय बाई बडबडले मी, सगळं खोड. वयाने माणूस घाबरट होतं, त्यात तुझ्यासारखी सून, साधं खोटंही धड बोलता येत नाही तिला. हस की. मी विनोद केला.

गाडी आली असेल ना. घरी ने मला. माझी कॉट, माझी उशी. चिमणी दारात असेल. तिच्या गुडघ्याची खपली धरली का गं? ओली आहे की कोरडी? ओली असेल तर मीच बांधीन पट्टी, माझ्या हाताने. लेकराला—

नको, सूनबाई, नको, उठ, पळ, ही मी—

काही नाही. जीभ अडखळली. आता नाही अडखळणार.

लिहिणं थांबवू नकोस. रडतेस कशाला वेडे. आवाज बसलाय माझा, तुला ऐकू येत नसेल. अशी जवळ ये. वाक. तोंडाशी नको, इकडे खाली, पट्टीपाशी कान आण. हं. आता हात दे, मला उठव. पट्टी ओली झालीय जरा, तिथेच धर, घट्ट धर. आणि मग चल, सरळ घरी चल, चिमणी वाट बघतेय. बेसिनकडे काय बघतेस. हात धुवायची काही गरज ना